तुरुंगात शिकलेली माणसे आणि त्यांनी बदललेले कायदे

अक्षरयात्री (धागाकर्ता) :

अमेरिकेतील तुरुंगशिक्षणाविषयी वाचायला घेतले की एक आकडा हमखास समोर येतो. रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये आधीच्या तीसेक वर्षांतील अभ्यास एकत्र तपासले. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची संभाव्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळते, आणि शिक्षणावरील प्रत्येक डॉलरमागे सुटकेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांतच तुरुंगखर्चातील चार ते पाच डॉलर वाचतात, असे त्यांनी मांडले. हा आकडा उपयोगी ठरला, यात शंका नाही. करदात्यांच्या पैशाची काळजी वाहणाऱ्या लोकप्रतिनिधींना तो पटकन समजतो. तरीही मला असे वाटते की या आकड्याने शिक्षणाचा सगळा विचार जमाखर्चाच्या वहीत नेऊन ठेवला. तुरुंगात शिकलेला माणूस बाहेर येऊन काय करतो, या प्रश्नाला ‘पुन्हा आत जात नाही’ एवढेच उत्तर पुरेसे मानले, तर या शिक्षणातून उभे राहिलेले एक मोठे काम नजरेतून सुटते. ज्या व्यवस्थेने आपल्याला शिक्षा दिली तिचे नियम नीट वाचून, त्यांतील अन्याय पुराव्यानिशी दाखवून, ते बदलून घेणारी माणसे या वर्गांमधून तयार झाली. चर्चा त्यांच्याविषयी व्हावी, अशी इच्छा आहे. ती शक्यतो अमेरिकेपुरती ठेवू, कारण तिथल्या चळवळीचा इतिहास बराच तपशिलाने नोंदलेला आहे.

या इतिहासाची दोन टोके मला महत्त्वाची वाटतात. पहिले सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील आहे. सशस्त्र दरोड्याबद्दल कॅलिफोर्नियातील सोलेडाडच्या तुरुंगात पाच वर्षे काढलेले जॉन अर्विन पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट रिबाउंड’ सुरू केला. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला थेट विद्यापीठात आणायचे, त्याला प्रवेशापासून राहण्याच्या सोयीपर्यंत मदत करायची, असे त्याचे स्वरूप होते. हा कार्यक्रम आज कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या अनेक आवारांत चालतो. अर्विन यांनी तुरुंगांवर जे समाजशास्त्रीय लेखन केले, त्याच वाटेने पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्वतः शिक्षा भोगलेल्या प्राध्यापकांचा अपराधशास्त्रातील एक स्वतंत्र प्रवाह तयार झाला.

दुसरे टोक न्यूयॉर्क राज्यातील आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये ॲटिका तुरुंगात बंदिवानांनी उठाव केला. पाचव्या दिवशी राज्य पोलिसांनी गोळीबार करून तुरुंग परत ताब्यात घेतला. या साऱ्यात ४३ माणसे मृत्युमुखी पडली. बंदिवानांच्या मागण्यांमध्ये अन्न आणि औषधोपचारांच्या बरोबरीने तुरुंगातील शिक्षणव्यवस्था आधुनिक करण्याची मागणी होती, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. त्या वेळी ॲटिकात बंदिवान असलेले एडी एलिस पुढे ग्रीन हेवन तुरुंगात गेले. तिथल्या, त्यांचाही सहभाग असलेल्या, बंदिवानांच्या अभ्यासगटाने असे दाखवून दिले की राज्याच्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे न्यूयॉर्क शहराच्या अवघ्या सात वस्त्यांमधून आलेली आहेत. हा निष्कर्ष काढणारे संशोधक स्वतःच त्या आकड्यात मोजले गेलेले होते. गुन्हा ही केवळ व्यक्तीची निवड मानून चालणार नाही, त्या वस्त्यांतील शाळा, घरे आणि रोजगार यांच्याशी तिचा संबंध जोडावा लागेल, हे म्हणणे त्यांनी कोठडीत बसून, नकाशे आणि तक्ते वापरून सिद्ध केले. सुटकेनंतर एलिस यांनी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या मेडगर एव्हर्स कॉलेजात, शिक्षा भोगलेल्यांनीच चालवलेले एक धोरणकेंद्र उभारले.

तुरुंगातील महाविद्यालयीन शिक्षणाला मोठा आधार मिळाला तो पेल अनुदानाचा. गरीब विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी केंद्र सरकार देत असलेले हे अनुदान १९७२ च्या कायद्यातून आले आणि बंदिवानही त्याला पात्र होते. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्याने ही पात्रता काढून घेतली, आणि बहुतेक तुरुंगांतील महाविद्यालयीन वर्ग थोड्याच काळात बंद पडले. ती परत मिळायला १ जुलै २०२३ उजाडावे लागले. मधल्या २९ वर्षांत ही मागणी सातत्याने लावून धरणाऱ्यांमध्ये शिक्षा भोगून आलेल्या माणसांचा वाटा मोठा होता. त्या वाट्याविषयी, आणि त्याच्या मर्यादांविषयीही, इथल्या जाणकारांनी लिहावे.

तर्कटी :

विषय चांगला मांडला आहे. ४३ टक्के या आकड्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तो फार सैलपणे वापरला जातो. हा ‘ऑड्स’चा, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याच्या आणि न घडण्याच्या गुणोत्तराचा आकडा आहे. शंभर जणांमागे किती जण परत गेले नाहीत, असे साध्या भाषेत विचारले, तर त्याच अहवालातील फरक १३ टक्के अंकांचा आहे. तोही लहान नाही, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारे चित्र वेगळे होते.

दुसरी अडचण निवडीची. तुरुंगातील वर्गात नाव नोंदवतो कोण? ज्याला बाहेर जाऊन काही वेगळे करायचे आहे, ज्याची वर्तणूक बरी आहे, ज्याला थोडेफार वाचता येते, तो. असा माणूस वर्गात बसला नसता तरी कदाचित परत आला नसता. रँडच्या अभ्यासकांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी ४३ टक्क्यांचा निष्कर्ष अधिक काटेकोर पद्धतीच्या अभ्यासांवर आधारला. तरीही मुळातील इच्छाशक्तीचा फरक पूर्णपणे वजा करता येत नाही.

आता धागाकर्त्यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण या शंकेतून मी त्याच ठिकाणी पोहोचतो. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने तुरुंगातील सुधारणा-कार्यक्रमांचा आढावा घेऊन, पुन्हा गुन्हा होण्यावर त्यांचा उल्लेखनीय परिणाम दिसत नाही, असे लिहिले. राजकारण्यांनी त्यातून ‘काहीच उपयोग होत नाही’ एवढीच घोषणा उचलली. मार्टिन्सन यांनी १९७९ मध्ये स्वतःचा निष्कर्ष बराचसा मागे घेतला, तोवर वारे फिरले होते. ज्या गोष्टीचे समर्थन केवळ एका आकड्यावर उभे असते, ती गोष्ट तो आकडा डळमळला की पडते. शाळेतील मुलांना शिकवताना आपण, ती पुढे किती गुन्हे करणार नाहीत, याचा हिशेब मांडून शाळा चालवत नाही.

सनदशीर :

वकिलीच्या अंगाने थोडी भर घालतो. तुरुंगातील शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फळा आणि प्राध्यापक येतात. अमेरिकेत मात्र शिक्षणाची एक समांतर शाखा तुरुंगाच्या कायदा-ग्रंथालयात वाढली आणि तिचा पाया न्यायालयांनी घातला. १९६९ च्या ‘जॉन्सन विरुद्ध एव्हरी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, दुसरी पुरेशी सोय नसेल तर एका बंदिवानाने दुसऱ्याला कायदेशीर अर्ज लिहून देण्यावर तुरुंगाला बंदी घालता येणार नाही. १९७७ च्या ‘बाउंड्स विरुद्ध स्मिथ’ खटल्यात त्यापुढे जाऊन, तुरुंगांनी कायद्याचे पुरेसे ग्रंथालय किंवा जाणकारांची मदत उपलब्ध करून दिली पाहिजे, असे सांगितले. १९९६ च्या ‘लुईस विरुद्ध केसी’ने हा हक्क बराच आकसला, कारण ग्रंथालय अपुरे आहे एवढे दाखवणे पुरेसे राहिले नाही, त्यामुळे आपल्या दाव्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले, हेही बंदिवानाला सिद्ध करावे लागू लागले. मधल्या काळात मात्र तुरुंगातील स्वशिक्षित वकिलांची एक आख्खी पिढी तयार झाली.

या पिढीचे सर्वांत ठळक काम लुइझियानात दिसते. त्या राज्यात १८९८ च्या घटनेने असा नियम केला होता की गंभीर गुन्ह्यात बारापैकी नऊ ज्युरींनी दोषी ठरवले तरी पुरे. ती घटना करण्यासाठी जमलेल्या सभेचा हेतू उघड होता : गोऱ्यांचे वर्चस्व पक्के करणे. ज्युरीत एखाददुसरा कृष्णवर्णीय बसलाच, तर त्याच्या मताचे वजन राहू नये, अशी ती तजवीज होती. पुढे १९७० च्या दशकात नऊचे दहा झाले, पण तत्त्व तेच राहिले. एकमताचा आग्रह न धरणारी लुइझियाना आणि ओरेगॉन ही दोनच राज्ये उरली होती, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चालवून घेतली होती.

अंगोला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लुइझियाना राज्य कारागृहात, जे पूर्वीच्या मळ्यांच्या जमिनीवर उभे आहे, केल्विन डंकन आणि नॉरिस हेंडरसन या दोघांनी तुरुंगातील कायदा-साहाय्यक म्हणून वर्षानुवर्षे काम केले. दहा-दोन अशा मताने जन्मठेप झालेल्यांची कागदपत्रे त्यांच्या हातांखालून जात होती. हेंडरसन यांनी सुटल्यावर ‘व्हॉइस ऑफ द एक्स्पीरियन्स्ड’ ही संघटना उभी केली. एकमताची अट घालणारी घटनादुरुस्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये लुइझियानाच्या मतदारांपुढे आली, तेव्हा तिच्या प्रचारात ते अग्रभागी होते. सुमारे ६४ टक्के मतदारांनी ती मान्य केली. ती दुरुस्ती पुढच्या गुन्ह्यांपुरती होती. डंकन यांचा मार्ग न्यायालयाचा होता. असे खटले सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा नेण्याचा त्यांचा खटाटोप अनेकदा फेटाळला गेला आणि अखेर २० एप्रिल २०२० रोजी ‘रामोस विरुद्ध लुइझियाना’ या खटल्यात न्यायालयाने, गंभीर गुन्ह्यातील दोषनिर्णय एकमतानेच झाला पाहिजे, असे सांगितले. पुढे डंकन स्वतः निर्दोष ठरले आणि साठीत पोहोचल्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

एक कटू तपशील मात्र सांगायला हवा. २०२१ मध्ये ‘एडवर्ड्स विरुद्ध व्हॅनॉय’ या खटल्यात न्यायालयाने असे ठरवले की, ज्यांचे अपील आधीच संपले आहे त्यांना रामोसचा लाभ मिळणार नाही. म्हणजे ज्यांच्या कागदपत्रांतून हा अन्याय उघडकीला आला, त्यांतले कितीतरी जण आतच राहिले.

निळावंती :

सर्व प्रतिसाद वाचले. एक बाजू अद्याप आलेली नाही, ती मांडते. ज्याच्या घरातील माणूस मारला गेला, त्याला दुसऱ्या दिवशी सरकारी पैशाने पदवी घेणाऱ्या आरोपीचे छायाचित्र दिसले, तर त्याच्या मनात काय येईल? १९९४ च्या कायद्यासाठी सिनेटर के बेली हचिसन यांनी पेल अनुदानाविरुद्धची दुरुस्ती मांडली, तेव्हा सर्वसाधारण लोकांना पटणारा युक्तिवाद हाच होता की, प्रामाणिकपणे राबणाऱ्या कुटुंबांची मुले कर्ज काढून शिकतात आणि गुन्हेगार फुकट शिकतात. ही भावना सरसकट निर्दय म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. शिवाय व्यासपीठावर बोलणाऱ्या माजी बंदिवानाचे वक्तृत्व जितके प्रभावी, तितके त्याच्या गुन्ह्याचे बळी विस्मरणात जातात, असेही होते.

अक्षरयात्री :

निळावंती, आपण मांडलेल्या भावनेचा मी आदरच करतो आणि तिचे उत्तर आकड्यांनी पूर्णपणे देता येईल, असे मला वाटत नाही. परंतु १९९४ च्या युक्तिवादात जी वस्तुस्थिती गृहीत धरली होती, ती चुकीची होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. पेल अनुदान पात्रतेवर मिळते. निकषांत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते मिळते. ठरावीक जागा वाटून संपल्या, असे तिथे होत नाही. त्यामुळे बंदिवानाला मिळाले म्हणून बाहेरच्या एखाद्या गरीब मुलीचे गेले, असे घडत नव्हते. बंदिवानांवरचा खर्च त्या वेळी एकूण पेल खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी होता. बाहेरच्या मुलांना कर्ज काढावे लागते, हा प्रश्न खरा आहे, पण तुरुंगातील वर्ग बंद करून तो तसूभरही हलला नाही.

बळींच्या विस्मरणाचा मुद्दा अधिक अवघड आहे. एक गोष्ट मात्र माझ्या वाचनात वारंवार आली. ज्या वस्त्यांमधून बंदिवान येतात, बळीही बहुधा त्याच वस्त्यांमधून येतात. एडी एलिस यांच्या अभ्यासातील सात वस्त्यांत या दोन गटांची घरे वेगळी काढता आली नसती. लॉस एंजेलिसमध्ये १९९८ पासून सुटलेल्या स्त्रियांसाठी निवाऱ्याची घरे चालवणाऱ्या सुझन बर्टन यांचे उदाहरण घ्या. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या गाडीखाली सापडून गेला. त्या दुःखातून व्यसन आणि व्यसनातून तुरुंगाच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे?

१९९४ नंतरच्या काळाविषयीही थोडे लिहितो. अनुदान गेल्यावर न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात १९९८ मध्ये ‘हडसन लिंक’ हा कार्यक्रम खासगी देणग्यांवर उभा राहिला. तो पुढे अनेक वर्षे चालवणारे शॉन पिका हे स्वतः तरुण वयात दीर्घ शिक्षा भोगून आलेले आहेत. बार्ड कॉलेजने त्याच सुमारास सुरू केलेल्या उपक्रमातील बंदिवानांच्या संघाने २०१५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना वादविवादात हरवले, ही बातमी बहुतेकांनी वाचली असेल. (खरे तर त्या बातमीचे इतके अप्रूप का वाटावे, हाच एक वेगळा विषय आहे.) बातमीत न आलेले काम दुसरीकडे चालू होते. तुरुंगवास भोगलेल्या विवियन निक्सन यांनी ‘कॉलेज अँड कम्युनिटी फेलोशिप’ या स्त्रियांसाठीच्या संस्थेचे नेतृत्व करताना, पेल आणि न्यूयॉर्क राज्याचे शिकवणी-अनुदान पुन्हा सुरू व्हावे यासाठी एक आघाडी बांधली. आमदारांच्या कार्यालयांत पदवीधर माजी बंदिवान स्त्रिया स्वतः जाऊन बसू लागल्या. २०१५ मध्ये ओबामा सरकारने प्रायोगिक तत्त्वावर पेल सुरू केले, पुढच्या वर्षी ६७ महाविद्यालये निवडली गेली, डिसेंबर २०२० मध्ये संसदेने बंदी उठवली आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कचेही अनुदान परत आले.

परिघावरून :

इथे जी नावे आली, ती सर्व असामान्य माणसांची आहेत, आणि मला खटकते ते नेमके हेच. चळवळीला बोलणारा चेहरा हवा असतो. तो शक्यतो पदवीधर, विनम्र आणि पश्चात्ताप नेमक्या शब्दांत व्यक्त करणारा असावा लागतो. संस्था त्याला परिषदेला बोलावतात, त्याच्याकडून आयुष्यातील सर्वांत वाईट दिवसाची कहाणी सांगून घेतात, टाळ्या वाजवतात, आणि अंदाजपत्रक ठरवायच्या बैठकीला बोलावत नाहीत. ज्याला धड वाचता येत नाही, ज्याला मानसिक आजार आहे, ज्याचा गुन्हा ऐकायलाही नकोसा वाटतो, अशा माणसाच्या वतीने कोण बोलणार? शिक्षणातून हक्क मिळतो, असे म्हणता म्हणता, ज्याने शिक्षण घेतले त्यालाच हक्क, असा अर्थ कधी निघू लागतो ते कळत नाही.

दुसरा अडथळा कायद्याचा आहे आणि तो फारसा चर्चेत नसतो. केंद्रीय न्यायालयांतून शिक्षा झालेला माणूस देखरेखीखाली सुटतो, तेव्हा त्याच्यावरील प्रमाणित अटींपैकी एक अशी असते की, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीशी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याने जाणूनबुजून संपर्क ठेवू नये. अनेक राज्यांतही असे नियम आहेत. त्यांचा उद्देश समजण्यासारखा आहे. पण ज्यांनी एकत्र येऊन संघटना करायची, त्यांना एका खोलीत बसण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, हा त्याचा परिणाम आहे.

मुक्ता :

मला एक प्रामाणिक प्रश्न विचारायचा आहे. तुरुंगात पदवी घेतली, बाहेर आले, आणि मग? मुख्य अडचण तिथूनच सुरू होत असावी, असे वाटते. ज्या शिक्षणाच्या बळावर सुधारणेची मागणी करायची, त्या शिक्षणाचा स्वतःला काही उपयोग करून घेता येतो का?

सनदशीर :

मुक्ता, आपला अंदाज बरोबर आहे. फ्लोरिडाचे डेस्मंड मीड यांचे उदाहरण बोलके आहे. तुरुंगातून आल्यावर ते काही काळ बेघर होते. त्यांनी आधी वकिलाच्या साहाय्यकाचा अभ्यासक्रम केला आणि २०१४ मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली. पण त्यांचे नागरी हक्क परत मिळालेले नसल्यामुळे त्यांना वकिलीच्या सनदेच्या परीक्षेला बसता येईना, आणि मतदानही करता येईना. त्यांची पत्नी राज्याच्या विधिमंडळासाठी उभी राहिली, तेव्हा त्यांना तिला मत देता आले नाही. त्या राज्यात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा मताधिकार शिक्षा संपल्यावरही गेलेलाच राहत असे, आणि तो परत देणे राज्यपाल व त्यांच्या मंडळाच्या मर्जीवर होते. मीड यांच्या संघटनेने सार्वमतासाठी लागणाऱ्या ७,६६,२०० सह्या जमवल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये घटनादुरुस्ती सुमारे ६४.५ टक्के मतांनी मंजूर झाली. त्यासाठी ६० टक्के लागत होते. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून सुमारे १४ लाख लोकांना तिचा लाभ मिळेल, असा अंदाज होता. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने, दंड, न्यायालयीन शुल्क आणि नुकसानभरपाई भरल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे मानायचे नाही, असा कायदा केला. अनेकांना आपण नेमके किती देणे लागतो हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता, कारण राज्याकडे अशी एकत्रित नोंदच नव्हती. २०२० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने हा कायदा कायम ठेवला.

वॉशिंग्टन राज्यात तुरुंगवास भोगलेल्या टॅरा सिमन्स यांना २०१७ मध्ये, कायद्याची पदवी असूनही, चारित्र्याच्या कारणावरून सनदेच्या परीक्षेला बसू देण्यास नकार मिळाला. त्यांनी तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेला आणि न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०२० मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या.

निळावंती :

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर, ‘आपण कधी गुन्ह्यात दोषी ठरला आहात का’, असा प्रश्न असतो, त्याविषयी कोणी सांगेल का? मला तो विचारण्यात वावगे वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर असते.

तर्कटी :

या प्रश्नावर बऱ्यापैकी स्पष्ट आकडे उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाच्या अर्जांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रकान्यात ‘होय’ अशी खूण करणाऱ्यांपैकी ६२.५ टक्के अर्जदारांनी पुढे अर्जच पूर्ण केला नाही. एकूण अर्जदारांत हे प्रमाण २१ टक्के होते. ‘होय’ म्हटल्यावर जी अतिरिक्त कागदपत्रे मागितली जात, काही ठिकाणी तर सुटकेनंतर मिळणे अशक्यप्राय असलेली, त्यांच्या ढिगाऱ्यापाशी माणसे थांबत होती. संस्थेने नाकारल्यामुळे बाहेर राहिलेले त्या मानाने थोडे होते. म्हणजे त्या प्रश्नाने धोकादायक अर्जदार निवडले जात नव्हते, चिकाटीचे अर्जदार निवडले जात होते. २०१६ मध्ये त्या विद्यापीठाने प्रवेशाच्या टप्प्यावरून तो प्रश्न काढण्याचा निर्णय घेतला. वसतिगृहासारख्या बाबींसाठी तो नंतर विचारण्याची मुभा ठेवली. निळावंती, आपली काळजी तिथे, त्या नंतरच्या टप्प्यावर, रास्त आहे आणि तिची सोयही ठेवलेली आहे. नोकरीच्या अर्जांवरील असाच रकाना काढून टाकण्याची मोहीम त्याआधीच, २००४ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात माजी बंदिवानांच्या ‘ऑल ऑफ अस ऑर नन’ या संघटनेने सुरू केली होती.

मुक्ता :

उत्तरांसाठी मनापासून आभार. धागाकर्त्यांनी घातलेली मर्यादा थोडी ओलांडून एक उदाहरण देते, कारण ते विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. युगांडात सुझन किगुला यांना खुनाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली होती. तिथल्या कायद्यात अशा गुन्ह्याला फाशी सक्तीची होती. न्यायाधीशाला परिस्थिती पाहून कमी शिक्षा देता येत नसे. किगुला आणि त्यांच्यासह फाशीच्या रांगेतील चारशेहून अधिक बंदिवानांनी मिळून याला आव्हान दिले. २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. फाशीची शिक्षा रद्द झाली नाही, पण ती द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे आला. फेरसुनावणीत किगुला यांची शिक्षा वीस वर्षांची झाली. तुरुंगातच त्यांनी लंडन विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून कायद्याचा अभ्यास केला, सहबंदिवानांना अर्ज लिहायला मदत केली, आणि २०१६ मध्ये त्या बाहेर आल्या. इथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आव्हान आधी आले आणि पदवी नंतर. ‘परिघावरून’ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे अंशतः उत्तर होऊ शकेल : त्या याचिकेत नाव असलेल्या चारशे जणांपैकी बहुतेकांकडे कोणतीही पदवी नव्हती.

परिघावरून :

उदाहरण चपखल आहे, मान्य करतो. तरीही माझा प्रश्न थोडा उरतोच. न्यायालयात नाव घालणे आणि धोरण ठरवताना खुर्ची मिळणे यांत अंतर आहे. पेल परत आले, त्याच्या अंमलबजावणीत बंदिवानांना किंवा माजी बंदिवानांना काही स्थान दिले आहे का, की तेही पुन्हा तुरुंगखाते आणि महाविद्यालये यांच्यातच ठरते?

अक्षरयात्री :

दिले आहे, पण अर्धवट. नव्या नियमांनुसार नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांना तुरुंगात पेलचे वर्ग चालवता येत नाहीत. ज्या व्यवसायाचा परवाना त्या राज्यात माजी बंदिवानाला सहसा दिला जात नाही, त्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमात बंदिवानांना प्रवेश देता येत नाही. ही अट पूर्वीच्या कटू अनुभवातून आलेली दिसते. कोणता कार्यक्रम चालू द्यायचा हे राज्याचे सुधारगृह खाते किंवा केंद्रीय कारागृह विभाग ठरवतो, आणि सुरुवातीची दोन वर्षे झाल्यावर तो विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे की नाही, याचा निर्णयही तोच देतो. मात्र हा निर्णय देताना त्याने संबंधितांची मते मागवली पाहिजेत, आणि त्या संबंधितांमध्ये बंदिवानांचे प्रतिनिधी व त्यांच्या वतीने काम करणाऱ्या संघटना असल्याच पाहिजेत, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. त्याच नियमात असेही लिहिले आहे की ही मते खात्यावर बंधनकारक नाहीत. एखाद्या राज्याने प्रतिनिधी कसे निवडले, आणि त्यांच्या म्हणण्याविरुद्ध निर्णय दिला तेव्हा कारणे लेखी दिली का, हे ज्याला तपासायचे असेल, त्याने त्या त्या राज्याच्या सुधारगृह खात्याची मंजुरीची कागदपत्रे मागवावीत. मी दोन राज्यांची मागवली आहेत. मिळाली की त्यांतील मजकूर याच धाग्यात देईन.